धुडकूबाबांची जागा

माझा स्वभाव हेवेखोर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर कोणी मानणार नाही. आमच्या कोसाडच्या कॉलनीत पहिला रंगीत टीव्ही आला तेव्हा मी स्वतः जाऊन पेढा खाऊन आलो. कोणाकडे स्कूटर आली, तिच्या सीटवर हात फिरवून "छान आहे, फक्त पेट्रोल फार पिते" असं मनापासून सांगून आलो. पण समोरच्या भूपेंद्र महाजनच्या घरी फोन आला, फोनमागून कम्प्युटर आला, आणि त्या दोघांच्या जोडीला आमच्या मिलच्या सर्व्हरचं पाचवं लायसन्स गेलं, तेव्हा माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते ओव्याने थांबलं नाही. बायकोने, वत्सलाने, हिंग लावून पाहिला. हिंगानेही थांबलं नाही.

कारण लायसन्स हे माझं खातं. कतारगामच्या आमच्या साड्या छापायच्या मिलमध्ये सोळा वर्षं मी लायसन्सच सांभाळत आलो. बॉयलरचं लायसन्स, वजनमापाचं लायसन्स, रसायनं साठवायचं लायसन्स, दरवानाच्या बंदुकीचं लायसन्स. प्रत्येकाची मुदत मला तोंडपाठ. दरवर्षी नवं लायसन्स आलं की ते काचेच्या फ्रेममध्ये घालून शेठच्या केबिनबाहेरच्या भिंतीवर लावायचं, हा मिलचा रिवाज. इन्स्पेक्टर आला की आधी भिंतीकडे बघतो आणि मग चहाकडे.

अठ्ठ्याण्णव साली जशवंतशेठने सर्व्हर आणला. सर्व्हर म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण सोळा वर्षं बॉयलरच्या पोटात काय असतं ते तरी कुठे माहीत होतं? शेठने सोबतचा कागद वरपासून वाचायला घेतला, तिसऱ्या ओळीत लायसन्स हा शब्द दिसल्यावर थांबले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"वाल्मिकभाई, आ तमारुं खातुं."

सर्व्हर बसवायला कंपनीकडून हर्षदा नावाच्या इंजिनियरबाई आल्या होत्या. मूळच्या धुळ्याच्या, त्यामुळे समजावून सांगताना त्या मला माणसात धरायच्या. त्यांनी सांगितलं ते असं. मिलचा सगळा हिशेब आणि ऑर्डरी एसीच्या खोलीतल्या त्या एका मोठ्या कम्प्युटरमध्ये राहणार. बाहेरून फोनच्या तारेने त्याच्यात शिरता येणार. शेठ बंगल्यावरून शिरतील, रिंग रोडच्या दुकानातून शेठचे भाऊ शिरतील, कामरेजच्या गोदामातून मुनीमजी शिरतील. लायसन्स पाच, म्हणजे एका वेळी आत पाच जण. सहावा आला की त्याला जागा नाही.

मी तातडीने लायसन्स रजिस्टर उघडलं. एकेका माणसाला एकेक लायसन्स, पुढे सही, पासपोर्ट साइजचा फोटो. हर्षदाबाई म्हणाल्या, "काका, फोटो नको. ही जागा कोणाच्या नावाची नसते. जो आत बसला त्याची." मी हो म्हणालो आणि शेठचा फोटो मागायला गेलो. शेठने लग्नातला फेट्याचा दिला. तो चिकटवून मी लायसन्सचा मूळ कागद फ्रेमवाल्याकडे पाठवला.

इथून माझ्या मानहानीला सुरुवात झाली. ते लायसन्स पस्तीस दिवसांत चालू करायचं होतं, आणि त्यासाठी कागदावर छापलेला एक लांबलचक नंबर सर्व्हरला सांगायचा होता. चौतिसाव्या दिवशी हर्षदाबाईंनी नंबर मागितला. मी त्यांना दिमाखात भिंतीपाशी नेलं. बॉयलर आणि बंदूक यांच्यामध्ये लायसन्स झळकत होतं. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाल्या, "काका, खालची पट्टी कुठंय?"

फ्रेमवाल्याने कागद फ्रेमच्या मापात बसवण्यासाठी खालची चार बोटं कापून टाकली होती. मी धावत त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "नीचे तो सिर्फ नंबर था. अच्छा नहीं दिख रहा था." त्याच्या दुकानातला केराचा ढीग मी स्वतः उपसला. त्यात मला तीन देवांच्या तसबिरींच्या कडा आणि कोणाच्या तरी बीकॉमच्या सर्टिफिकेटचा तळ सापडला. नंबर सापडला नाही. सर्व्हरच्या कंपनीला मुंबईला फोन केला तर म्हणाले लेखी द्या. लेखी दिलं तर म्हणाले मूळ कागदाची प्रत जोडा. मी फ्रेमसकट फॅक्स कसा करायचा याचा विचार करत उभा होतो, एवढ्यात विक्री विभागातला भूपेंद्र खिशातून डायरी काढत आला.

"भाऊ, हाऊ नंबर पाहिजे का? लांब नंबर दिखना का मी लिखी ठेवस. सवय शे."

लांब नंबर दिसला की लिहून ठेवायची सवय! माणसाला कसल्या कसल्या सवयी असतात. मी सोळा वर्षांत एकदाही मुदत चुकवली नाही, तर ते कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि याने एक नंबर खरडून ठेवला तर शेठने भर ऑफिसात त्याची पाठ थोपटली. शेठ, भाऊ, मुनीमजी आणि हिशेबवाले अशी चार लायसन्सं गेली होती. पाचवं कोणाला, हे मी रजिस्टरात पेन्सिलने लिहूनही ठेवलं होतं. नाव अर्थातच माझं होतं. शेठ म्हणाले, "भूपेंद्रभाईने घेर फोन नखावो. सांजे बहारगामना ऑर्डर घेरथी लेशे."

ती पेन्सिल मी स्वतःच्या हाताने खोडली.

आठवड्यात भूपेंद्रकडे फोन लागला. आमच्या गल्लीतला पहिला. वत्सला दारात उभी राहून तार खांबावरून त्याच्या खिडकीत जाईपर्यंत बघत होती. मग आत येऊन म्हणाली, "अहो, लायसन तुमना हातमा, आन् फोन त्यास्ना घरमा? हाई कसं काय?"

मी म्हणालो, "लायसन्स सांभाळणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा. बंदूक तरी माझ्याकडे आहे का?"

"नई शे, हाई बरंच शे," ती म्हणाली.

फोनमागून मिलने कम्प्युटर दिला, आणि रोज संध्याकाळी सातला तो फोनच्या तारेला जोडणारा भूपेंद्रचा मोडेम शीळ घालायला लागला. आधी टुक टुक, मग घरघर, मग तार ताणल्यासारखी किंचाळी, आणि मग एकदम शांत. म्हणजे भूपेंद्र आत गेला. ती शीळ ऐकायला गल्ली जमायची. बायका पोरं कडेवर घेऊन यायच्या. भूपेंद्रची बायको सोनाली सगळ्यांना चहा द्यायची आणि "आते ह्या कोलकत्ताले गयात" असं सांगायची. मी माझ्या ओट्यावर पेपर वाचत असायचो. पेपर उलटा आहे हे मला वत्सलाने दोनदा सांगितलं.

मला उघड सांगायला लाज वाटत नाही. मला हेवा वाटला. फोनचा वाटला, शिळेचा वाटला, त्याला लोक "आत गेले" म्हणायचे त्याचाही वाटला. आम्ही दोघं पारोळ्याकडच्या एकाच गावचे. त्याचा बाप आमच्या शेतावर सालदार होता, असं सांगायचा मोह मला त्या दिवसांत फार झाला. पण तसं नव्हतं. त्याच्या बापाचं शेत आमच्यापेक्षा मोठं होतं.

अशात हर्षदाबाई एकदा तक्रार करत आल्या. "काका, सगळ्यांना सांगा, काम झालं की नीट बाहेर पडा. नुसती खिडकी बंद केली तर सर्व्हरला वाटतं माणूस आतच आहे. जागा अडून राहते."

"म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो तसं?"

"तसंच. आणि इथे रुमाल उचलणारं कोणी नाही."

त्या दिवशी घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. खानदेशी माणसाला रुमाल टाकायला शिकवावं लागत नाही.

नवीन माणसांची नावं सर्व्हरमध्ये घालायचा अधिकार माझ्याकडे होता. मी पाच नावं घातली. खऱ्या कामगारांची घालणं बरोबर नव्हतं, त्यांना त्रास झाला असता. म्हणून ज्यांना कसलाच त्रास होणार नाही अशी घातली. पहिले माझे आजोबा, धुडकूबाबा. मग आजी रुक्मिणी, मग चुलत आजोबा किसन, मग वडील भिकन. पाचव्या जागेसाठी घरात गेलेलं माणूस उरलं नाही, म्हणून सासूबाई उषाबाईंचं घातलं. त्या हयात आहेत, पण चोपड्याला आहेत.

साडेसहानंतर भूपेंद्रशिवाय आत कोणी शिरत नसे, शेठही बंगल्यावर कम्प्युटर उघडत नसत, म्हणून रोज साडेसहाला बाकीचे निघाले की मी पाचही नावांनी एकेकदा आत शिरायचो आणि निरोप न घेता खिडकी बंद करायचो. पाच रुमाल पडले. सकाळी सर्वांच्या आधी येऊन पाचही उचलायचो. धुडकूबाबांनी हयातीत विजेचा दिवा पाहिला नव्हता. आता ते रोज चौदा तास एसीत बसायला लागले.

पहिल्या संध्याकाळी भूपेंद्रची शीळ वाजली, किंचाळी झाली आणि लगेच तुटली. पुन्हा वाजली, पुन्हा तुटली. त्या रात्री मला ओव्याशिवाय झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज माझ्या दारात यायला लागला. "भाऊ, आज बी मझार ली नई ऱ्हायनं." आत घेतच नाही म्हणे. आवाजात राग नाही, काही नाही. मी गंभीर चेहरा करून म्हणायचो, "गर्दी असेल." त्याच्या मागोमाग गल्ली यायची आणि माझ्या ओट्यावर सभा भरायची. परभणीकडचे रामदासअण्णा पूर्वी टेलिफोनच्या खांबांवर चढायचे, त्यांचं मत पक्कं होतं. "वायरीत पानी शिरलंय, दुसरं काय न्हाई. अर्ज करा." अर्ज झाला. तो खाडाखोडीसकट मीच लिहून दिला. तारवाला येऊन खांबावर चढला, उतरला, पाणी पिऊन गेला. पाणी वायरीत नव्हतं.

मग पुष्पाबाई म्हणाल्या, "माय वं, हाई तं कोनीतरी नजर लागेल शे."

मी पेपर उघडला. पुष्पाबाईंनी सांगितलं की मोडेमला लिंबू-मिरची बांधा, पण ती घरच्या माणसाने नाही, गावच्या वडीलधाऱ्या माणसाने बांधायची. गावचा वडीलधारा माणूस म्हणजे मीच. म्हणून मी बाजारातून लिंबू आणलं, सात मिरच्या ओवल्या आणि भूपेंद्रच्या घरात, माझ्याच नजरेवरचा उतारा माझ्याच हाताने त्या मोडेमला बांधला. सोनालीने मला वाकून नमस्कार केला. एवढ्यावर एखाद्याने सोडून दिलं असतं. पण त्या खोलीत फोनवर सोनालीने विणलेलं झालर लावलेलं झाकण होतं, आणि तसलंच झाकण वत्सलाने मागच्या महिन्यापासून विणून ट्रंकेत ठेवलं होतं. मी सोडलं नाही.

दिवाळी आली. मिल लाभपाचमेपर्यंत बंद. शेठ श्रीनाथजीला गेले, हर्षदाबाई धुळ्याला. सर्व्हर मात्र चालूच ठेवायचा होता. भूपेंद्रची सासुरवाडी जावयाचा कम्प्युटर पाहायला सुरतेला येणार, असं कळलं. म्हणून गावी निघायच्या दिवशी मी पाचही रुमाल टाकले आणि ते तसेच ठेवून गाडीत बसलो. लाभपाचमेच्या आदल्या दिवशी परत येऊन उचलायचे, असा बेत होता.

अमळनेरला त्या दिवशीच्या पॅसेंजरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीतून रुमाल टाकला तर आतल्याने तो बाहेर फेकला. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आलो, तीही दीड तास उशिरा. स्टेशनवरून थेट मिलमध्ये. एका हातात बॅग, एका हातात फराळाचा डबा.

आता लाभपाचमेचा मुहूर्त म्हणजे काय ते सुरतेबाहेरच्या माणसाला कळणार नाही. वर्षातलं पहिलं बिल त्या मिनिटाला फाटलं पाहिजे. मिलमध्ये शेठ, रिंग रोडला त्यांचे भाऊ, कामरेजला मुनीमजी, तिघांनी एकाच वेळी पहिली नोंद करायची. इतकी वर्षं ती लाल चोपड्यांत व्हायची. यंदा पहिल्यांदाच कम्प्युटरवर होणार होती. मुहूर्त नऊ बावीस ते नऊ चाळीस.

मी आत शिरलो तेव्हा नऊ एकतीस झाले होते. कम्प्युटरवर कुंकवाचं स्वस्तिक, समोर नारळ, बाजूला महाराज मंत्र म्हणत होते, आणि पडद्यावर पाटी होती की जागा शिल्लक नाही. एका फोनवर रिंग रोड ओरडत होतं, दुसऱ्यावर कामरेज. शेठच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलं होतं. महाराजांनी मंत्र लांबवायला घेतला होता.

"आत कोण बसलंय ते बघते," हर्षदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी यादी छापायला घातली. आमच्या प्रिंटरने पूर्वी कधी इतक्या लवकर छापलं नव्हतं.

शेठने मोठ्याने वाचलं. "धुडकू. रुक्मिणी. किसन. भिकन. उषाबाई. आठ दिवसथी अंदर छे!"

मी फराळाचा डबा छातीशी धरून उभा होतो. सोळा वर्षं, भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमा आणि कोसाडची ती दोन खोल्यांची जागा मला डोळ्यांसमोर एकदम दिसली.

"यांना बाहेर काढू?" हर्षदाबाईंनी विचारलं. शेठकडे नाही, माझ्याकडे बघून. मी मान हलवली. त्यांनी एकेक नाव पुसलं. धुडकूबाबांचं शेवटी. खरं सांगतो, आजोबांना उठवताना मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. ते आयुष्यभर कोणाच्या दारात बसले नव्हते, मीच त्यांना बसवलं होतं.

नऊ एकोणचाळीसला तिन्ही ठिकाणी पहिलं बिल झालं. नारळ फुटला, पेढे वाटले. मग शेठने यादी पुन्हा हातात घेतली.

"आ धुडकूभाई कोण छे?"

हे सांगू शकणारे तिथे दोनच जण होते. एक मी, आणि मी फराळाच्या डब्याचं झाकण घट्ट लावत होतो. दुसरा भूपेंद्र. त्याने पेढा तोंडात टाकला, गिळला आणि पुढे आला.

"शेठ, हमारे गाव के हैं. बहुत पुराने आदमी. वाल्मिकभाई के घर में ही रहते हैं. बाहर निकलते नहीं, चला नहीं जाता."

शेठने कागद उलटला. मागे रोजच्या वेळा होत्या. संध्याकाळी साडेसहा ते सकाळी साडेआठ, रोज, एकही नागा नाही. आणि दिवाळीचे आठ दिवस अखंड.

"आखी मिल रजा पर, ने आ माणस दिवाळीमां पण काम करे छे! अने मने खबर नथी!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वाल्मिकभाई, छठ्ठुं लायसन्स मंगावो. धुडकूभाईने घेर फोन नखावो, कम्प्युटर पण."

संध्याकाळी अमरोलीचा पूल ओलांडताना मी भूपेंद्रला गाठलं. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "तुला कधी कळलं?"

"तिसराच दिन, भाऊ. हर्षदाताईनी यादी दखाडी. धुडकूबाबानं नाव वाचं, आन् गप बसनू."

"मग रोज माझ्या दारात का यायचास?"

"म्हनं, तुम्ही उठाडशात त्यास्ले." तो हसला. "धाकलपने त्यास्नी माले खिसा भरी भरी बोरं दियेल शेतस. बसेल माणूसले मी कसं उठाडू?"

भांडला असता तर बरं झालं असतं. एवढं चांगलं असण्याचा या माणसाला काय अधिकार होता? फोनचा हेवा मी एक वेळ पचवला असता. हा कसा पचवायचा, ते अजून मला समजलेलं नाही.

पंधरा दिवसांत आमच्या घरी फोन लागला. धुडकूबाबांच्या हार घातलेल्या फोटोखाली स्टूल ठेवून त्यावर बसवला. ट्रंकेतलं झाकण बाहेर आलं. वत्सलाने ते फोनवर नीट बसवलं आणि ती म्हणाली, "धुडकूबाबानी मरीसन बी घरमा फोन आना. तुम्ही सोळा वरीस काय आनं?"

शेठला धुडकूभाईंच्या कामाची सवय झाली आहे. त्यामुळे आता रोज सातला माझा मोडेम शीळ घालतो आणि बनारस, कानपूर, नागपूर इथल्या ऑर्डरी मी धुडकूबाबांच्या नावाने भरतो. एकही चूक होऊ देत नाही, आजोबांच्या अब्रूचा प्रश्न आहे. समोर भूपेंद्र त्याच वेळी त्याच्या घरून आत येतो. यादीत दोघांची नावं शेजारी शेजारी असतात, त्याचं आणि आजोबांचं. माझं नसतं.

पुढच्या लाभपाचमेला शेठने उत्तम कर्मचाऱ्याचं बक्षीस जाहीर केलं. भिंतीवरचं मोठं घड्याळ. ते धुडकूभाईंना मिळालं. घरपोच करायचं काम माझ्याकडे आलं. मी ते फोटोशेजारी टांगलं आणि खाली उभा राहून बघितलं. फोटोत आजोबा पूर्वी कसे गंभीर होते. त्या दिवशी ते मला जरा फुगलेले वाटले. भूपेंद्रचाही मला कधी इतका हेवा वाटला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. शेठ होते.

"धुडकूभाई छे के?"

वर्षभर मी सांगत आलो होतो की आंघोळीला गेलेत, देवळात गेलेत, डोळा लागलाय. त्या दिवशी मला कंटाळा आला. मी आवाज जरा खोल केला.

"बोलो शेठ," मी म्हणालो, "धुडकूच बोलतोय."